चार बोटं उंबरठा

शाळा समावेशक झाली की नाही, हे ओळखायची आपल्याकडे एक सोपी खूण आहे: रॅम्प. नियम सांगतो, एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. पटांगणात जागा निघते पाच फुटांची, निधीही बहुधा तेवढ्याच फुटांचा. मग तयार होते ती घसरगुंडी. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ, कठड्यावर तांदळाची रिकामी पोती, आणि वर पोचलं की वर्गाचा चार बोटं उंबरठा. तरी शाळांची माहिती सरकारला कळवणाऱ्या यू-डायसच्या रकान्यात ‘आहे’ भरलं की शाळा समावेशक. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. ‘ब’ आणि ‘भ’मध्ये अडखळणाऱ्या मुलानं त्या रॅम्पचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच रकान्यात विचारलेलं नाही.

त्याला उपयोग होईल तो त्याच्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसण्याचा. गणिताच्या बाईंना तो हुशार वाटतो, मराठीच्या सरांना आळशी, पोरगा एकच. ही दोन मतं समोरासमोर बसवणं हे मुख्याध्यापकाचं काम, आणि त्यासाठी लागतो फक्त वेळ. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास ठरवताना तयारीचे तासही त्यातच धरलेत. प्रत्यक्षात ऑफ तास दिसला रे दिसला, की रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग तिथं जाऊन बसतो.

‘मुख्याध्यापकांना तरी उसंत कुठंय?’ हा आक्षेप खरा आहे. त्याच कायद्यानुसार पहिली ते पाचवीला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५०च्या वर गेला तरच. दोनशिक्षकी शाळेत सहकार्य म्हणजे एकानं तालुक्याला बैठकीला जायचं आणि दुसऱ्यानं चारही वर्ग सांभाळायचे. पण पट भरलेल्या, पदं भरलेल्या शाळांचं काय? तिथंही शिक्षकसभा म्हणजे परिपत्रकाचं वाचन, सह्या, चहा. आसपासच्या शाळा मिळून बनलेल्या केंद्राची शिक्षण परिषद महिन्याला होते, हेही खरं. पण साऱ्या केंद्राच्या शिक्षकांपुढं चौथीतल्या एका पोराचा ‘भ’ कोण काढणार? शनिवारी अर्धा तास तेवढ्यासाठी राखला, तर खर्च शून्य. धोका एकच: वरच्यांना ही कल्पना आवडेल. मग ‘चर्चा झाली का? होय/नाही’ असा नवा रकाना येईल, फोटो सक्तीचा होईल, आणि तो काढायला सगळे रॅम्पवर उभे राहतील. जपून, शेवाळ आहे.