थकल्या पगाराचे व्रत

हे व्रत कोणत्याही महिन्यात, कोणत्याही वारी धरता येते. कुपवाडच्या एमआयडीसीत, साताऱ्याच्या एमआयडीसीत, तासगावकडच्या बेदाणा शेडवर, सांगलीच्या हळदीच्या गोदामात, कुठेही. स्त्री-पुरुष दोघांनाही अधिकार आहे. काम केलेले असावे आणि पैसे मिळालेले नसावेत, एवढ्या दोनच अटी. त्या पुऱ्या करणारे भाविक आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत उदंड आहेत.

मुहूर्त 7 तारखेचा. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात हजारावर कामगार असलेल्या मालकाला 10 तारखेपर्यंत सूट होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि महिन्याच्या पगाराला आता सगळीकडे पुढच्या महिन्याची 7 तारीख. काम सोडले किंवा सोडायला लावले, तर कामाच्या दोन दिवसांत हिशोब हातात पडला पाहिजे. हे वाक्य एकदा मालकासमोर म्हणून पाहा. ते चहा मागवतात.

मात्र 8 तारखेला लगेच अर्ज टाकणे इकडे असभ्यपणाचे समजतात. आधी ‘विचारून बघणे’ हा विधी येतो. केबिनच्या दाराशी उभे राहून म्हणावे, “मालक, ते पगाराचं जरा...” आतून उत्तर येईल, “हुतंय की! मी काय पळून चाललोय? तू तर घरचा माणूस.” इथे सावध व्हावे. घरच्या माणसाला पगार-स्लिप नसते, हजेरी-कार्ड नसते, पीएफ नसतो. दिवाळीला पेढ्यांचा बॉक्स असतो, साताऱ्यात असाल तर कंदी पेढ्यांचा.

त्यानंतर नेत्याकडे जाणे आले. साताऱ्याला राजे आहेत, सांगलीला दादा, आबा, साहेब अशी परंपराच आहे. सकाळी सातला बंगल्यावर जावे, नंबर लागला की कागद द्यावा. कागदावर सही होते, पीए फोन लावतो, मालक ‘बघतो’ म्हणतात. मालक त्याच बंगल्यावर परवा येऊन गेलेले असतात आणि त्यांना नंबर लावावा लागलेला नसतो.

काही उतावळे पोलीस ठाण्यात जातात. तिथे ‘ही सिव्हिल मॅटर आहे’ हे कळते. याची उलट बाजूही माहीत असावी. बीडकडून ऊसतोडीला टोळी आणण्यासाठी वाहतूकदार मुकादमाला उचल देतो आणि टोळी आली नाही, तर फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो. म्हणजे घेतलेले पैसे न फेडणे हा गुन्हा आणि करून घेतलेल्या कामाचे पैसे न देणे हा मतभेद. ऊसतोड कामगाराला तर हे व्रत धरताच येत नाही. त्याचा पगार थकत नाही, त्याची उचलच फिटत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याचा हिशोब मुकादमाच्या वहीत. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचे ठरले; वही तीच राहिली.

एक जुना मार्गही याच मुलखाला ठाऊक आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. 1943 पासून नाना पाटलांचे प्रतिसरकार इथे चालले आणि त्याची न्यायमंडळे गावातले तंटे गावातच मिटवत. निकाल चटकन लागे आणि अंमलबजावणी तळपायावर होई, म्हणून लोक त्याला पत्री सरकार म्हणू लागले. वेतन संहितेत या पद्धतीला जागा नाही. मोह झाला तरी आवरावा.

तेव्हा लेबर ऑफिस. अर्ज मराठीत चालतो. कोणाकडे, काय काम, किती महिने, किती रुपये, एवढेच लिहा. पोरीच्या लग्नाचे, आईच्या ऑपरेशनचे लिहू नका. साहेबांचे मन द्रवते, कलम द्रवत नाही. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर संघटनेला सभासदाच्या वतीने दावा करता येतो. ठेकेदाराकडे असाल तर ज्याच्या कारखान्यात घाम गाळला त्याचेही नाव घाला. ठेकेदाराने बुडवले तर भरायची जबाबदारी मूळ मालकावर येते आणि ठेकेदार सापडेनासा झाला तरी कारखान्याची चिमणी जागेवरच असते. आवक-जावकचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मंजूर रकमेवर तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देता येते आणि दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे संहिता म्हणते. त्यातला ‘प्रयत्न’ हा शब्द नीट वाचावा.

आता मुख्य पूजा, म्हणजे पुरावा. पगार दिला हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर आहे. ऐकायला फार गोड वाटते. म्हणून मालकाचा वकील पगाराबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो, हा आमचा माणूसच नव्हे. झाले! काल घरचा माणूस होतात, आज तुम्ही अस्तित्वातच नाही. थकलेला पगार राहतो बाजूला, आपण होतो हेच आधी शाबीत करावे लागते.

मी स्वतः एका कारखान्यात चार महिन्यांच्या पगारासाठी हे व्रत केले आहे. नाव लिहीत नाही. माझ्याकडे कार्ड नव्हते, स्लिप नव्हती. होते ते स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कालनिर्णय. दुधाच्या हिशोबाशेजारी बायको माझी ड्युटी लिहायची, कारण डबा किती वाजता करायचा ते तिला लागे. सुनावणीला ती पाने घेऊन गेलो. एका चौकोनात होते, ‘दूध 1 लि., डबल ड्युटी, गॅसचा नंबर लावला’. वर फोडणीचा पिवळा डाग. समोरच्या वकिलांनी चष्मा वर करून विचारले, “यातलं दूध कुठल्या कारखान्याचं?” सगळे हसले, मीही हसलो. अधिकारी मात्र पाने उलटत राहिले. मग त्यांनी कारखान्याचे हजेरी रजिस्टर मागितले. ते रजिस्टर पुढच्या तारखेला आले नाही, त्याच्या पुढच्याही तारखेला आले नाही, आणि तिसऱ्या तारखेला तडजोड आली. तीन महिन्यांचे पैसे मिळाले. चौथा महिना देवाला.

फोनपेवर आलेले हजार-दोन हजार, ‘उद्या आठला ये’ असा सुपरवायझरचा व्हॉट्सअॅप निरोप, गेटपास, ईएसआयचे कार्ड, सगळे जपावे. कोऱ्या कागदावर आणि एकाच पगारासाठी दोन रजिस्टरांवर सही करू नये.

आदेश मिळूनही मालकाने भरले नाही, तर वसुलीचा दाखला कलेक्टरकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही, त्याची मजुरी शेतसारा होऊन सांगलीत विजयनगरच्या कलेक्टर ऑफिसातून तहसीलला आणि तिथून तलाठ्याकडे उतरते. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, दप्तर तेच.) तो सातबारा काढतो, तर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँक आधीच येऊन बसलेली असते.

ज्यांना हे व्रत करावे लागू नये अशी सोय झाली, ते आपल्याच पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांचे माथाडी. 1969 च्या कायद्याने मालवाल्याने मजुरी मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला द्यायची. केबिनच्या दाराशी उभे राहणेच नाही. पण त्यासाठी नोंदणी झालेली असावी लागते.

पूर्वी थकलेल्या पगाराच्या दाव्याला एक वर्षाची मुदत होती आणि किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची. आता ती तीन वर्षांची आहे. तेव्हा 31 डिसेंबरला भिंतीवरचे कालनिर्णय उतरवाल, ते रद्दीत घालू नका. तीन वर्षे ट्रंकेत ठेवा, फोडणीच्या डागासकट.