पुणे ते नागपूर, व्हाया फ्यूज

मे महिन्यात लग्न नागपूरला आणि वऱ्हाडी पुण्याचे, हा बेत कोणाचा होता हे कुठल्याच घरात शेवटपर्यंत कळत नाही. वाघोलीपर्यंत गाडीत नवरदेवाच्या पगाराची चर्चा चालते, शिक्रापूरला कोणीतरी "एसी जरा वाढव रे" म्हणतं, आणि रांजणगाव येईपर्यंत लक्षात येतं की वाढवायला एसी चालूच नाही. बटण दाबलं की त्यावरचा दिवा इमानदारीत लागतो, पण झरोक्यातून रस्त्यावरचीच हवा येते. इथून पुढे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गाडीत एकच निदान होतं आणि त्यासाठी बॉनेट उघडावं लागत नाही: "गॅस संपलाय." मागच्या सीटवरचे काका हे सांगतात, शिरूरचा पंक्चरवाला सांगतो, फोनवर असलेले साडूही सांगतात, आणि साडूंनी तर गाडी पाहिलेलीसुद्धा नसते. माझं म्हणणं असं की चालूच न होणाऱ्या एसीसाठी गॅसचं नाव सगळ्यात शेवटी घ्यावं. ते आधी घेतलं जातं याचं कारण एवढंच की गॅस दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल काकांना कोणी खोडून काढू शकत नाही.

मुळात हा गॅस संपण्याच्या जातीचाच नाही. पेट्रोल जळतं, वायपरचं पाणी उडतं, काकांनी घेतलेली चकली नगरच्या आत संपते. पण एसीतला वायू बंद नळ्यांमधून गोल गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, डॅशबोर्डच्या पोटातल्या कूलिंग कॉइलमध्ये तो पुन्हा वायू होताना गाडीतली उष्णता उचलतो, आणि फिरून कॉम्प्रेसरकडे येतो. साधारण गाडीत हा ऐवज अर्ध्या किलोच्या आसपास असतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं तो थोडाथोडा झिरपतो हे खरं, पण तसं झालं तर गारवा आधी महिनोन्महिने कमी होत जातो. काल हुडहुडी भरवणारा एसी आज रांजणगावला एकदम मुका झाला, तर ते झिरपण्याचं काम नव्हे.

मग काम कोणाचं? एसी चालू होणं ही सरकारी फाइल आहे. आपण बटण दाबतो म्हणजे फक्त अर्ज करतो. त्यावर ब्लोअरची सही लागते, फ्यूजची लागते, रिलेची लागते, दाब मोजणाऱ्या स्विचची लागते आणि सगळ्यात शेवटी इंजिनच्या संगणकाची. कोणीही एकाने हात आखडला की फाइल अडली. बटणावरचा दिवा म्हणजे पोचपावती, मंजुरी नव्हे. म्हणून तपासही टेबलांच्या क्रमाने करावा, कारण पहिली टेबलं फुकट असतात. ब्लोअरच फिरत नसेल तर बऱ्याच गाड्या कॉम्प्रेसर सुरूच करत नाहीत, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण हवा नसताना कॉइलवर बर्फ धरेल. ब्लोअर ठीक असेल तर फ्यूज पाहावा. तो उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावावा. तोही लगेच उडाला तर वायरिंगमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे, आणि अशा वेळी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून जो माणूस "झालं काम" म्हणतो, त्याला गाडीतून नगरलाच उतरवावं. नाहीतर पुढे वायरिंग जळेल. त्यानंतर रिले. बऱ्याच गाड्यांत एसीचा आणि हॉर्नचा रिले एकाच जातीचा असतो. हॉर्नचा काढून एसीच्या जागी लावला आणि एसी सुरू झाला, तर दोष सापडला, तोही पाना न लावता. या परीक्षेची अडचण तांत्रिक नाही. घामाने भिजलेला ड्रायव्हरसुद्धा पाच मिनिटांसाठी हॉर्न द्यायला राजी होत नाही.

यापुढचं टेबल कॉम्प्रेसरच्या क्लचचं. पट्टा पुलीला कायम फिरवत असतो; एसीला परवानगी मिळाली की विद्युतचुंबक क्लचची प्लेट ओढून घेतो आणि "टक्" असा आवाज येतो. तो आला नाही म्हणजे एकतर वीज पोचली नाही किंवा चुंबकाचा जोर पुरला नाही. प्लेट झिजून फट वाढली की क्लच सकाळी गार असताना धरतो आणि दुपारी तापल्यावर सोडून देतो. म्हणून पुण्यात पहाटे चाललेला एसी दुपारी इमामपूर घाटात रुसतो, आणि गाडीत दृष्ट लागल्याची चर्चा सुरू होते. (1940 च्या पॅकार्डमध्ये, म्हणजे कारखान्यातूनच एसी बसवून मिळालेल्या पहिल्या मोटारीत, क्लचच नव्हता. एसी बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. त्या काळच्या काकांची तक्रार उलटी असणार.) इथे जाणकार हरकत घेतील की हल्लीच्या अनेक गाड्यांत क्लच नसतो, त्या "टक्" करतच नाहीत. बरोबर आहे. अशा गाडीपुढे कान लावून उभं राहण्यात अर्थ नाही, तिथे स्कॅनरच हवा. पण ब्लोअर आणि फ्यूज तिथेही चुकलेले नाहीत.

आणि कधीकधी एसी बंद पडलेलाच नसतो, बंद केलेला असतो. भरलेली गाडी चढावर तापली की इंजिनचा संगणक आधी एसी कापतो. टोलनाक्याच्या रांगेत एसी जातो आणि मोकळ्या रस्त्यावर परत येतो, याचा अर्थ बहुधा कंडेन्सरचा पंखा फिरत नाही. उभ्या गाडीत दाब वाढतो आणि स्विच बंद करतो, धावत्या गाडीत वारा पंख्याचं काम करतो. यात गॅस भरणं म्हणजे वाढलेल्या दाबात आणखी भर घालणं.

समृद्धी महामार्गाला लागल्यावर एक वेगळाच पक्ष बोलू लागतो: खिडक्या उघडा, आम्ही एसटीने जायचो, कुठे होता एसी! या पक्षाशी वाद घालणं जड जातं, कारण तो घामातही आनंदी असतो. तरी सांगावं लागतं की वारा त्वचेपेक्षा गरम असला की तो अंगाची उष्णता नेत नाही, आणून देतो. आणि विदर्भातल्या मे महिन्यात 44 अंश म्हणजे बातमीसुद्धा नसते. सरकारलाही हे पटलेलं आहे. 2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, म्हणजे यापुढे संत्र्यांच्या ट्रकचा चालक काचा लावून गार बसेल आणि शेजारून नवऱ्या मुलाची मावशी तोंडाला ओला पंचा गुंडाळून जाईल.

आता खरी हरकत. गॅस गळून गेला तर कमी दाबाचा स्विच एसी चालूच होऊ देत नाही. कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, आणि तेलाविना कॉम्प्रेसर फिरला तर जाम होईल. कंडेन्सरला खडी लागून भोक पडलं, तर हे एका दुपारीही होतं. म्हणजे काका बरोबर असू शकतात. असू शकतात, पण तेव्हाही गॅस संपलेला नसतो, गळालेला असतो, आणि फरक बिलात दिसतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या मे महिन्यापर्यंत त्याच वाटेने निघून जातो. नागपुरातला मेकॅनिक गेज लावून 130 पीएसआयचा आकडा दाखवेल. इंजिन बंद असताना चाळीस अंशांना हल्लीचा नेहमीचा आर-134ए गॅस एवढाच दाब दाखवतो, नळीत तो पुरेपूर असो वा निम्मा. थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी हा आकडा गॅसचा नसून नागपूरच्या हवेचा असतो. त्यामुळे सांध्यांवर तेलकट डाग दिसतो का ते पाहायला लावावं, गळती बुजवून व्हॅक्यूम करून घ्यावं आणि बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजन करून भरून घ्यावा. किती भरला असं विचारल्यावर "फुल्ल, साहेब" हे उत्तर आलं, तर वजनकाटा कुठे आहे ते विचारावं. काटा नसेल तर चहा घेऊन पुढच्या गॅरेजात जावं. चहाला नाही म्हणू नये, ते नागपूर आहे.