सेंद्रिय पप्पा

वांग्याला भोक दिसलं की या गृहस्थांचा चेहरा उजळतो. बाकीची गिऱ्हाइकं किडकं वांगं बाजूला सारतात. हे नेमकं तेच उचलतात, उजेडाकडे धरतात आणि आत अळी हलताना दिसली की समाधानानं पिशवीत टाकतात. जे अळीला चाललं ते आपल्या लेकराला चालेल, एवढं साधं त्यांचं शास्त्र. गाड्यावरच्या मावशीनं ते लगेच आत्मसात केलं. पूर्वी संध्याकाळी गाईपुढे जाणारी वांगी आता वेगळ्या टोपलीत, ओल्या फडक्याखाली असतात आणि भावही वरचा असतो. दुसऱ्या कुणी हात घातला तर मावशी दटावते, “ते राहू द्या, साहेबांचा माल हाय.”

हे गृहस्थ, म्हणजेच सेंद्रिय पप्पा, राहतात ते मस्तगड म्हणजे निजामाच्या हुकमानं १७२५ साली बांधलेल्या गढीचा परिसर, जुनं जालना. शत्रूला भिंतीबाहेर रोखायचं, ही इथली जुनी सवय. पप्पांचे शत्रू वेगळे: मैदा, पामतेल, युरिया, प्लास्टिकचा चमचा आणि वाढदिवसाचा केक. ते पाकीट आधी उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचतात. हिरव्या पानाचं ‘जैविक भारत’ चिन्ह सापडलं, तर दुकानदाराकडे ओळखीचा माणूस भेटल्यासारखं पाहतात. नाही सापडलं, तर शेंगदाण्याची चिक्कीही संशयित ठरते. खरं सांगायचं तर यात हसण्यासारखं फारसं नाही. फवारलेल्या भाज्यांची धास्ती खोटी नव्हे आणि बारीक अक्षरं वाचणारा बाप न वाचणाऱ्यापेक्षा बरा. हसू येतं ते हा बाप नोकरी कुठे करतो ते कळल्यावर.

पप्पा बियाणे कंपनीत आहेत. जालन्यात हे नवल नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको काढली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि संकरित बियाण्यावर या गावाची कितीतरी घरं उभी राहिली. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला दाद न देणारं बीटी वांगं महिकोनंच तयार केलं. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला स्थगिती दिली, बांगलादेशानं पुढे ते लावलं. ज्या गावानं वांग्यातली अळी घालवायला वर्षानुवर्षं डोकं खपवलं, त्याच गावात आमचे पप्पा जादा पैसे मोजून अळी विकत घेतात. स्वतः ते दुसऱ्या, लहानशा कंपनीत आहेत. दिवसा शेतकऱ्याला संकरित भेंडीचे गुण सांगायचे आणि घरी आल्यावर हात धुऊन देशी गवारीची शेंग मोडायची. मी एकदा विचारलं, तर शांतपणे म्हणाले, “दादा, ऑफिस वेगळं, लेकरू वेगळं.”

मध्यंतरी त्यांनी गच्चीवर जीवामृत केलं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांची पद्धत: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. गाय देवणीच हवी म्हणून शेणासाठी ते कुठल्याशा गोठ्यावर जाऊन आले. बेसन सेंद्रिय की साधं, यात एक संध्याकाळ गेली. सगळं जमलं, अडलं ते पाण्यावर. आमच्याकडे नळ येणं हा सण असतो. पुढच्या आठवड्याची बेगमी असलेला ड्रम पप्पांनी शेणाला दिल्याचं कळलं, तेव्हा वहिनी, म्हणजे पप्पांच्या सौ., जे बोलल्या त्यात रसायन भरपूर होतं. शिवाय एवढं जीवामृत एका एकराला पुरतं आणि गच्चीवर होत्या मोजक्या कुंड्या. उरलेलं शेजाऱ्यांना वाटायचा बेत होता. वास आधीच घरोघर पोचला होता, त्यामुळे बाटल्या कुणी घेतल्या नाहीत.

‘सजग जगणं’ हा अलीकडचा अध्याय. घास बत्तीस वेळा चावायचा, जेवताना बोलायचं नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. अडीच वर्षांच्या मुलाला घास इतका वेळ तोंडात ठेवणं जमतं, पण चावण्यात नाही, गालात. वहिनींना हा अध्याय मुळीच पटलेला नाही. रात्री दोनला नळाची चाहूल लागताच ज्या बाईचे डोळे उघडतात, तिला आणखी सजग काय करायचं?

पण पप्पांना खरा हादरा दिला तो त्यांच्या मायनं. शुद्ध जुन्या पद्धती लिहून ठेवाव्यात म्हणून ते वही घेऊन तिच्यापुढे बसले.

“माय, तुमच्या काळात ज्वारीला कीड लागू नये म्हणून काय करायचे गं? लिंबाचा पाला?”

“पाला कशाला? गॅमेक्झिन टाकायचो की. पांढरी पावडर. पोत्यात हातानं कालवायची.”

वही मिटली. या पावडरीवर, म्हणजे बीएचसीवर, देशात १९९७ पासून बंदी आहे. माय मात्र खुशीत सांगत होती, “तीच ज्वारी खाऊन तू एवढा झालास.” पप्पा त्या रात्री जेवले नाहीत. मुलगा शेजारच्या ताईकडे जाऊन पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट खाऊन आला आणि मजेत झोपला.

आता पप्पांनी दुकानावरचा विश्वासच काढून घेतलाय. माल थेट शेतातून घ्यायचा. बदनापूरकडे एक शेतकरी सापडला, मलाही सोबत नेलं. बांधावर उभं राहून चौकशी सुरू झाली. युरिया? “बंद केलाय.” फवारणी? “दशपर्णी अर्क मारतो, घरचाच.” रासायनिक खत बंद करून किती वर्षं? “दोन झाली, तिसरं चालू हाय.” पप्पा खूश. वार्षिक पिकाला दोन वर्षं, फळबागेला तीन, हा रूपांतराचा काळ त्यांना पाठ आहे. मोसंबी मात्र मुलगा बालवाडीत गेल्यावरच, असा हिशेबही त्यांनी तिथंच मांडला. मग कोवळी भेंडी टचकन मोडून त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला, “बियाणं कुठलं, मामा? गावरान ना?”

शेतकऱ्यानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

“असं काय करता साहेब? मागल्या साली तुम्हीच तर दिलं होतं. ते गुलाबी पावडर लावलेलं. चांगलं उगवलं बघा.”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन किलो भेंडी तोलून घेतली, पैसे दिले आणि गाडीला किक मारता मारता म्हणाले, “घरी फक्त दशपर्णीचं सांगू.”