थर्माकोलशेठ

भिवंडीत अंजूरफाट्यापासून माणकोलीपर्यंत गोदामांची रांग लागते. मुंबईला जकात होती तेव्हा माल तिच्या हद्दीबाहेर थांबायचा, त्या सोयीने ही गोदामं उठली. 2017 मध्ये जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. फ्रिज, टीव्ही, मिक्सर इथे उतरतात आणि पुढे जातात. मागे उरतो थर्माकोल. आणि थर्माकोल आला की मागोमाग थर्माकोलशेठ आलाच.

‘शेठ’ ही पदवी त्याला टेम्पोवाल्याने दिली, भाडं थकायला लागल्यापासून. ओळखायची खूण सोपी: भुवयांत, मिशीत, कानाच्या पाळीवर पांढरे मणी. थंडीच्या कोरड्या हवेत ते जास्तच चिकटतात. गालावरचा झटकला तर बोटाला, बोटावरचा झटकला तर सदऱ्याला. घरी बायको उंबऱ्याबाहेर झाडूने झाडून घेते, मगच आत. लग्नाला गेला तर भटजींनी सावधान म्हणायच्या आधीच याच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या असतात.

मालाची पारख याच्याकडून शिकावी. तुकडा दोन्ही हातांत धरायचा आणि वाकवायचा. कटकन मोडला, कडेला गोल मणी दिसले, की आपला. वाकून पुन्हा सरळ झाला तर तो पॉलिथिनचा फोम. त्याची जात वेगळी, एकत्र वितळवला तर सगळा घाण बिघडतो. “मोडेन पण वाकणार नाही म्हणेल, तोच आपला माल!” हे सांगताना शेठची छाती फुगते.

तेवढ्यात गोदामाचा सुपरवायझर दिसतो आणि शेठ कमरेत काटकोनात वाकतो. “साहेब, आज उचलू का?” दारावरचा वॉचमन याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण त्याला ‘काका’. हमालाला ‘दादा’. टेम्पोवाल्याला तर नुसता हात जोडून नमस्कार, कारण बोलायला तोंड नाही.

एवढं वाकायला गणित कारणीभूत आहे. पॅकिंगच्या थर्माकोलमध्ये शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव भाग हवा. चौदा फुटी टेम्पो ताडपत्री आवळून गच्च भरला, तरी काट्यावर माल शंभर-सव्वाशे किलो. भाडं खेपेचं, विक्री किलोची. म्हणजे शेठ दर खेपेला हवेचं भाडं भरतो. म्हणून गोदामातून त्याच्या वितळवायच्या शेडपर्यंतचं अंतर जेवढं कमी तेवढा त्याचा संसार सुखी. नाशिकहून कुणी माल देऊ केला की तो आधी डिझेलचा भाव विचारतो आणि मग तब्येतीचं कारण सांगतो.

शेडमध्ये मात्र तो राजा. आधी चिकटपट्टी सोलायची, स्टिकर खरवडायचे. मासळीची पेटी आली तर नाक मुरडून परत. मग चुरा करून तापलेल्या यंत्रात सोडायचा. हवा निघून जाते आणि तोंडातून जाड लगदा बाहेर येतो, कुरडईच्या सोऱ्यातून चीक यावा तसा. थंड झाला की त्याची टणक लादी. खोलीभर ढीग कोपऱ्यातल्या चार लाद्यांवर येतो. पुढे लादी दळून दाणा होतो, आणि दाण्याच्या फोटोफ्रेमच्या पट्ट्या, कपड्यांचे हँगर, फूटपट्ट्या.

त्यामुळे शेठला कुठेही न्यायची सोय राहिलेली नाही. एकदा सांत्वनाला गेला. दिवंगत आजोबांच्या फोटोला हार घातला, हात जोडले आणि सगळ्यांदेखत चौकट नखाने टोकरून पाहिली. “सागवानी म्हणून घेतलीत ना? आमचा माल आहे हा!” घरच्यांना रडावं की हसावं कळेना.

गणपतीच्या तोंडावर शेजारी हळूच येतात. “शेठ, मखराला थोडा थर्माकोल?” शेठ पाठ केलेला कायदा सांगतो: थर्माकोलची सजावट राज्याने 2018 मध्येच बंद केली, 1 जुलै 2022 पासून ती देशभर बंद, पॅकिंगचा तेवढा चालू. शेजारी ऐकून घेतात. “मग टीव्हीच्या पॅकिंगचंच करतो मखर!” आता मोडेन पण वाकणार नाही असं म्हणायची वेळ. शेठ इकडेतिकडे बघतो आणि वाकतो. “करा. पण विसर्जनानंतर मलाच द्या. आणि रंग लावू नका, भाव पडतो.”

हसा खुशाल. पण थर्माकोल आपसूक कुजत नाही, आणि त्याच्यासाठी दारोदार वाकणारा हा एकच माणूस आहे. तेव्हा नवा टीव्ही आला की खोक्यातला थर्माकोल चुरू नका, ओल्या कचऱ्यात कोंबू नका. चिकटपट्टी काढा, कोरडा ठेवा, अखंड द्या. मणी एकदा सुटून गटारात गेले की ते वेचण्याइतकं कुणालाच वाकता येत नाही. शेठलासुद्धा नाही.