साहेब आले की कळ चालते

पूर्ण बंद पडलेल्या वस्तूला एक इमान असतं. ती बंद आहे, हे सगळ्यांना मान्य असतं. खरा छळ मांडते ती अधूनमधून चालणारी वस्तू. मुळशी तालुक्यात पावसाळ्यात लॅपटॉपचा कीबोर्ड याच जातीत मोडतो. ताम्हिणीकडून ढग थेट घरात शिरतात आणि सकाळी ‘पौड’ लिहायला जावं तर ‘पड’ उमटतं. दुपारी जरा ऊन आलं की तीच कळ शहाण्यासारखी वागते.

दुकानात न्यावा, तर तिथं एकूण एक अक्षर खणखणीत. दुकानदार दोन ओळी बडवून दाखवतो आणि दयेनं म्हणतो, “काका, काहीच प्रॉब्लेम नाहीये.” मंत्र्यांचा दौरा लागला की रस्त्याचे खड्डे गायब होतात, त्यातलाच हा प्रकार.

मग सल्लागार जमतात. “तांदळात ठेवा,” हा पहिला सल्ला. आंबेमोहोराचा तालुका, तांदळावर श्रद्धा असणारच. पण तांदळानं ओल फारशी जात नाही, त्याची पूड मात्र कळांखाली जाऊन बसते. मशीन बंद करावं, चार्जर काढावा, कोरड्या हवेत वाळू द्यावं आणि आंबेमोहोर कुकरला लावावा.

दोष शोधायचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावा. तोही अक्षरं गिळत असेल, तर संशय सॉफ्टवेअरवर. तो नीट चालला, तर बायोसमध्ये जाऊन आतल्या कळा तपासा. तिथं विंडोज अजून उठलेलंच नसतं, म्हणून कळ तिथंही रुसली तर विंडोजची निर्दोष सुटका. मग उरतात ओल, आतली सैल झालेली केबल किंवा फुगलेली बॅटरी. बॅटरी खालून कीबोर्ड उचलायला लागली असेल, तर प्रयोग तिथंच थांबवा. ती पेट घेऊ शकते.

चार्जर काढून बघणं, हीही एक चाचणी. अर्थिंग नीट नसेल तर लॅपटॉप विचित्र वागू शकतो. मुळशीकरांना ही चाचणी घरबसल्या मिळते, कारण पाऊस आला की वीज आपणहून जाते. इथल्या धरणाचं पाणी 1927 पासून घाटाखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज बनवतं. 1921 ते 1924 सेनापती बापटांच्या मागे उभं राहून ज्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यांची पतवंडं आता मेणबत्तीच्या उजेडात बॅटरीचे टक्के मोजतात.

अधूनमधूनच्या दोषाला वाली नसतो, हे त्याचं खरं बळ. सॉफ्टवेअरवाला हार्डवेअरकडे बोट दाखवतो, हार्डवेअरवाला ड्रायव्हरकडे, आणि वॉरंटीवाला म्हणतो, पाणी सांडलं असणार. याच तालुक्यातल्या हिंजवडीत जगभरच्या कंपन्यांचे दोष शोधून दिले जातात. तिथल्याच रस्त्यावर पाणी तुंबलं की ते एमआयडीसीचं, पीएमआरडीएचं की ग्रामपंचायतीचं, याचा शोध पाणी ओसरेपर्यंत चालतो. ओसरलं की दोषही संपला. तिकीट बंद.

शेवटी एक खास आरोपी : विंडोजमधलं ‘फिल्टर कीज’. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ते सुरू करायचं का, असं विंडोज विचारतं. आपण नीट न वाचता ‘हो’ म्हणतो. त्यानंतर थोडक्यात दाबलेल्या आणि पुन्हापुन्हा दाबलेल्या कळांकडे संगणक अधिकृतपणे दुर्लक्ष करतो. कीबोर्ड ठणठणीत असतो, फक्त ऐकणाऱ्यानं न ऐकायचं ठरवलेलं असतं. ज्यांची बोटं थरथरतात त्यांच्यासाठी ही सोय केली होती. सरकारी कचेऱ्यांनी ती कुणाची बोटं न थरथरताच उचललेली दिसते. थोडक्यात सांगितलं तर कळत नाही आणि पुन्हा सांगितलं तर चालत नाही.

लॅपटॉपचा हा बहिरेपणा उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद दाबली की जातो. कचेरीची ती कळ कुठं असते, हे विचारणारा अर्ज मी एका ठिकाणी दिला आहे. अर्ज थोडक्यात आहे आणि दुसऱ्यांदा दिलेला आहे, तेव्हा उत्तराची घाई नाही.