दोघांपुरतं

निवृत्त होताना ऑफिसने मला घड्याळ दिलं आणि घराने पळी. मुलगी बंगळुरूला नोकरीला, हिची नोकरी अजून शिल्लक, रोज डोंबिवलीहून फोर्ट आणि परत. तेव्हा सोमवार ते शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे, असा ठराव घरात एका मताने मंजूर झाला. ते एक मत तिचं होतं.

‘दोन माणसांचं ते काय करायचं असतं?’ असं जो म्हणतो, त्याला एकदा ऑक्टोबरातल्या मंगळवारी संध्याकाळी माझ्या ओट्यापाशी उभं करायला हवं. वीस माणसांचा स्वयंपाक सोपा असतो. मीठ कमी पडलं तर वीसजणांत वाटलं जातं, आणि भाजी फसलीच तर निदान पाचजण तरी भिडेखातर ‘छान’ म्हणतात. दोघांत भीड नसते. शिवाय दोघांपैकी एकाने केलेलं असतं, म्हणजे मत देणारा माणूस एकच. तो लोकलमधून उभ्याने आलेला.

खरी अडचण अशी की आपलं सगळं स्वयंपाकघर अजून एकत्र कुटुंबात राहतं. माणसं गेली, भांडी राहिली. कुकरला तीन डबे आहेत. एकात भात, एकात वरण, आणि तिसरा रिकामा आत ठेवावा की बाहेर, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. पाव वाटी खोबऱ्याचं वाटण करायला मिक्सरचं सगळ्यांत छोटं भांडं घ्यावं, तरी चार चमचे खोबरं पात्याला घाबरून भिंतीला जाऊन चिकटतं. मग ते खाली ओढायचं, पुन्हा फिरवायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी पात्याला काहीतरी सापडावं म्हणून खोबरं वाढवायचं. खोबरं वाढलं की रस्सा वाढतो, रस्सा वाढला की भात वाढतो, आणि दोघांची आमटी बघता बघता पंगतीला बसते.

फोडणीला तर भागाकार अजिबात कळत नाही. चौघांना दोन चमचे तेल, म्हणून दोघांना एक चमचा, हे वहीत बरोबर आहे. कढल्यात एक चमचा तेल तळाशी पसरतं, त्यात मोहरी अर्धी कोरडी राहते, तडतडायच्या आत करपते, आणि हिंग-हळद पडेपर्यंत धूर झालेला असतो. मोहरी बुडेल इतकं तेल लागतंच, मग जेवायला दोन असोत की दहा.

मापासाठी मी पुस्तकाचा आधार घेतला. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने महाराष्ट्रातल्या कितीतरी नवख्या हातांना स्वयंपाक शिकवून गेलं. प्रश्न पुस्तकाचा नाही, वाटीचा आहे. आमच्या मांडणीत आहेरात आलेल्या, साखरपुड्यात आलेल्या, कुणाच्या तरी डब्याबरोबर येऊन इथेच स्थायिक झालेल्या अशा नाना आकारांच्या वाट्या आहेत. लग्नातल्या वाटीने तांदूळ घेतले आणि बारशातल्या वाटीने पाणी, तर खिचडीची पेज होते. आता मी एकच वाटी वेगळी काढून ठेवली आहे. ही तिला ‘शासकीय वाटी’ म्हणते.

बाजारात दोन माणसांच्या कुटुंबाला किंमत नाही. “पावशेर गवार द्या,” म्हटलं की भाजीवाल्या मावशी माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, “पावशेरात काय व्हतंय दादा? अर्धा घ्या.” अर्धा घेतला की गवार रात्री, सकाळी आणि पुन्हा रात्री. पडवळ अर्धं तोडून मागितलं तर “उरलेलं कुनाला विकू?” हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. या सगळ्यांत एक लाल भोपळाच काय तो शहाणा. तो मुळातच इतका मोठा असतो की अख्खा कुणी मागत नाही. फोड घ्यायची, मेथीदाण्यांची फोडणी द्यायची, गूळ-मिरची घालायची आणि झाकण ठेवायचं. उरलीच थोडी फोड, तर ती उकडून, दाण्याचं कूट घालून भरीत. जगात दोन माणसं राहतात हे मान्य करणारी ही एकमेव भाजी आहे.

त्यात हा ऋतू. मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख हवामान खातं 8 ऑक्टोबर सांगतं. तो गेला की आभाळ मोकळं होतं, ऊन थेट अंगावर येतं आणि चार महिने मुरलेली ओल वाफ होऊन वर येऊ लागते. कुकरमधला भात आणि कुकरपाशी उभा असलेला मी, दोघेही एकाच वेळी शिजतो. अशा दिवसांत काय खावं, याचं उत्तर वाग्भटाने अष्टांगहृदयात कधीच देऊन ठेवलंय. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात उसळतं, म्हणून कडू, गोड, तुरट आणि हलकं खावं, तेही भूक लागल्यावरच. साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, मध चालेल. यादीच्या शेवटी जांगल प्रदेशातल्या प्राण्यांचं मांसही आहे, पण ते डोंबिवली पूर्वेला मिळत नाही, म्हणून आम्ही पडवळावर थांबतो. वर्ज्य काय? दही, तेल, पोटभर जेवण आणि दुपारची झोप. माझी निवृत्ती डोळ्यांसमोर ठेवूनच त्याने ही यादी केली असावी. आणि नेमक्या याच ऋतूत आपण दिवाळी आणून बसवली, चकली-शेव-चिरोट्यांसकट. शरदाला वैद्यांची आई का म्हणतात, ते यावरून कळतं.

तरी मी शास्त्राप्रमाणे वागायचा प्रयत्न केला. हरभऱ्याची डाळ घालून पडवळ, पीठ पेरून पडवळ, त्याच्या बिया भाजून चटणी. चटणीपर्यंत ही गप्प होती. मग म्हणाली, “अहो, त्या वाग्भटाच्या घरी कोणी नोकरी करायचं का?”

त्यामुळे आता वेळापत्रक शास्त्राचं नाही, लोकलचं आहे. तिचा ‘दादर’ असा निरोप आला की तांदूळ धुवायचे. ‘घाटकोपर’ आला की कुकर चढवायचा. ‘ठाणे’ आला की पिठल्याची फोडणी. अर्धी वाटी बेसन, दीड वाटी पाणी, लसूण, मिरची, कोथिंबीर, दोघांना नेमकं. मग निरोप येतो, ‘दिव्याच्या अलीकडे उभी आहे.’ पिठलं कुणासाठी थांबत नाही. ते घट्ट होतं. मी थोडं पाणी घालतो, ते पिऊन पुन्हा घट्ट होतं. पाणी घातलं म्हणून मीठ, मीठ घातलं म्हणून आणखी चमचाभर पीठ. ही दारात चपला काढते तेव्हा चौघांचं पिठलं तयार असतं. आमच्याकडे गाडीला किती उशीर झाला, हे पातेल्यात बघून सांगता येतं.

माझी आई असती तर म्हणाली असती, बरं झालं, कुणी आलं-गेलं तर? ती कायम मूठभर तांदूळ जास्त घ्यायची, आणि खरंच कुणीतरी यायचं. आता न कळवता येतो तो फक्त कुरिअरवाला, आणि तो जेवायला थांबत नाही.

म्हणून एका गुरुवारी मी जिद्दीनेच मोजलं. शासकीय वाटीने पाऊण वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी. वर तुपाची धार, बाजूला भाजलेला पापड आणि लिंबाची फोड. मऊ, हलकी, पित्तशामक खिचडी. दोघं पोटभर जेवलो (वाग्भट क्षमा करो) आणि पातेल्यात एक शीत उरलं नाही. मी शाबासकीची वाट बघत पातेलं मुद्दाम तिच्यासमोर तिरकं धरलं.

तिने आत बघितलं. चेहरा पडला.

“तुम्ही नीट जेवलात ना?”

“पोट भरलं.”

“मग संपली कशी?”

या प्रश्नाला गणितात उत्तर नाही. उरलं नाही म्हणजे कमी पडलं, आणि कमी पडलं म्हणजे समोरचा अर्धपोटी उठला, एवढा एकच हिशेब आपल्या घरांना येतो. रात्री साडेदहाला तिने मला बळेच दूध-पोहे खायला लावले, आणि सोबत म्हणून स्वतःही खाल्ले.

तेव्हापासून मी मोजून घेतो आणि वर आईची मूठ टाकतो. दोघांचा स्वयंपाक तीन माणसांचा करावा, हा माझा निष्कर्ष आहे. तिसरा माणूस म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचा मी. हिची गाडी सुटली की तो उठतो, उरलेला भात मोकळा करतो, आणि मोहरी बुडेल इतक्या तेलात फोडणी घालतो. त्याच्या ताटाला नावं ठेवायला घरात कुणी नसतं.