नदीचे नाव सुवाच्य लिहावे

सन १९९१ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २२ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने, एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवरून, असे फर्मान काढले की देशातील चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाच्या वेळी पर्यावरणाविषयी निदान दोन स्लाइडा विनामूल्य दाखवाव्यात, आणि शाळा-महाविद्यालयांतून हा विषय सक्तीने शिकविला जावा. पैकी स्लाइडांचा मामला प्रेक्षक अंधारात खुर्ची चाचपीत असतानाच आटोपत असे; शिक्षणाचा मात्र मुळी सुरूच होईना, तेव्हा २००३ च्या डिसेंबरात न्यायालयाला पुनश्च तंबी द्यावी लागली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा पन्नास तासिकांचा व शंभर गुणांचा अभ्यासक्रम पदवीच्या यच्चयावत शाखांना लागू झाला. तेव्हापासून विद्यार्थी वाणिज्याचा असो की संस्कृताचा, ओझोनच्या छिद्राखालून गेल्यावाचून त्याला पदवीच्या दारात प्रवेश नाही.

आमचे भाचे इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या फुगवट्याच्या अगदी काठचे, आणि सध्या एका महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेत विद्यमान आहेत. 'पर्यावरणाच्या पेपरावाचून निकाल अडतो, पण त्या पेपराने निकाल वर चढत नाही' अशी त्यांनी या विषयाची व्याख्या केली, ती मला कोणत्याही पाठ्यपुस्तकातील व्याख्येहून नेमकी वाटली. या पेपरातील पंचवीस गुण क्षेत्रकार्याचे असतात, आणि त्या क्षेत्रकार्याची फाईल भाच्यांनी मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेवली: वर जाड प्लास्टिकचे आवरण, आत एकाच बाजूस छापलेली चाळीस पाने, आरंभी 'कागदाची बचत म्हणजेच वृक्षांची बचत' हे सुभाषित एका स्वतंत्र कोऱ्या पानावर, त्यामागे आईवडिलांपासून ज्ञात-अज्ञात हितचिंतकांपर्यंत सर्वांचे ऋणनिर्देश. मुखपृष्ठावरील नावावर पांढऱ्या शाईचा लेप होता, आणि कागद उजेडात धरला असता त्याखाली गतवर्षीचा विद्यार्थी, व त्याच्याखाली बहुधा त्याच्या आधीच्या वर्षीचा, पुराणवस्तुसंशोधकाला हर्ष व्हावा अशा थराथरांनी दिसत होते.

विषय होता 'आमच्या गावातील नदीचे प्रदूषण : एक चिकित्सक अभ्यास'. गावाचे नाव भाच्यांनी दक्षतेने बदलले होते. नदीचे बदलायचे राहिले. त्यामुळे भिगवणच्या अलीकडून पंचगंगा वाहत होती, तिच्या घाटावर भाविक स्नान करीत होते, आणि पुढे नरसोबाच्या वाडीस ती कृष्णेला मिळत होती. आता भीमाही अखेरीस रायचूरच्या बाजूला कृष्णेलाच मिळते, तेव्हा भूगोलाच्या व्यापक दृष्टीने हे विधान निखालस खोटे म्हणता येत नाही, हे मी मामा या नात्याने मान्य केले. परीक्षकांचीही दृष्टी अशीच उदार असावी, कारण त्या पानावर तांबड्या शाईने शेरा होता : 'छान. नदीचे नाव सुवाच्य लिहावे.' पंचविसापैकी गुण बावीस.

वस्तुतः आयोगाच्या मूळ मसुद्यात हे क्षेत्रकार्य मोठे सरळ सांगितले आहे. परिसरातील एखादी नदी, रान, माळ किंवा टेकडी पाहावी. एखादे दूषित स्थळ पाहावे. झाडे, कीटक, पक्षी ओळखावेत. आणि या सर्वांस पाच तासिकांचा अवधी धरावा. आयोगासाठी पाठ्यपुस्तक लिहिले तेही पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी, म्हणजे ज्यांनी रान डोळ्यांनी पाहिले आहे अशा गृहस्थांनी. परंतु भाच्यांच्या गावाची गोष्ट अशी की ग्रंथ पुण्याहून येतो, आणि पाणीही पुण्याहूनच येते. पुणे व पिंपरी-चिंचवड ही दोन नगरे जे जे विसर्जित करतात, ते ते मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून उजनीत दाखल होते, असे दूषित स्थळ शासनाच्या खर्चाने दाराशी पोचते झालेले असताना, त्याच्या शोधार्थ या पोराने झेरॉक्सच्या दुकानापर्यंत तीन कोसांची पायपीट का करावी, हे मला उमजेना.

म्हणून संध्याकाळी त्यांस काठावर घेऊन गेलो. तेथे हेच भाचे, ज्यांना 'जैवविविधता' हा शब्द लिहिताना दोनदा खोडावे लागते, असे बोलू लागले की मी वहीच काढली. 'रोहित उभे दिसले, तिथं होडी घालायची नाही मामा, गाळात रुतती.' 'उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतंय, उतरलं की अंग खाजतंय.' 'आज्याच्या जाळ्यात कायबाय लागायचं, आता बघाल तर चिलापीच चिलापी.' धरणाचे पोट ११७ टीएमसीचे आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणून पाणी उणे टक्क्यांत जाऊनही धरणात पाणी असते, आणि तसे पुरते खाली गेले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते, हेही त्यांनी मला सांगितले. हे शून्याखालचे गणित समजावून घ्यायला मला दोन वेळा विचारावे लागले.

'मग हे का नाही लिहिलेस?'

'याला मार्क कुठं असत्यात?'

लेखी परीक्षेत 'स्वस्थानी संवर्धन सोदाहरण स्पष्ट करा' असा प्रश्न आला होता. भाच्यांनी काझीरंगाचा गेंडा लिहिला. कडबनवाडीच्या माळावर त्यांच्या धनगर मित्राच्या वाड्यामागे रात्री लांडगा ओरडतो, चिंकारा तर दिवसाही दिसतो, शिवाय शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ त्याच चिंकाऱ्यासाठी शासनाने मयुरेश्वर अभयारण्य राखले आहे; पण लांडगा गाइडात नाही, आणि जो गाइडात नाही तो सोदाहरण होऊ शकत नाही. लांडग्याचे दुर्दैव जुने आहे. गवताळ माळाला महसुली दप्तर कुठे पडीक म्हणते, कुठे पोटखराबा, आणि पडीक म्हटले की ते सुधारल्यावाचून सज्जनांस चैन पडत नाही. गेल्या पाच जूनला भाच्यांच्या वर्गाने एका माळावर, पाहुण्यांच्या शुभहस्ते, खड्डे घेऊन रोपे लावली. लांडग्याला सावली हवी आहे अशी बातमी त्यांना कोणी दिली होती, ठाऊक नाही. रोपे वाळली, गवत पुन्हा उगवले, आणि छायाचित्र तेवढे फाईलीच्या सदतिसाव्या पानावर हिरवेगार राहिले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एस.टी.ला अवकाश होता, म्हणून भाच्यांबरोबर त्या झेरॉक्सच्या दुकानी गेलो. निकाल लागल्यावर फाईल दुकानदारास परत करावयाची, म्हणजे दीडशेपैकी पन्नास रुपये माघारी मिळतात, असा तेथील शिरस्ता आहे. कागदाच्या पुनर्वापराचे इतके चोख उदाहरण मला अन्यत्र आढळले नाही. दुकानदार संगणकापाशी बसला होता, आणि समोर बारामतीकडची एक विद्यार्थिनी घाईने उभी होती. मी तोंड घालून म्हटले, 'अहो, तेवढी ती पंचगंगा काढा.'

'काढतो की,' तो आदराने म्हणाला, आणि बोटे कळफलकावर ठेवून त्या मुलीकडे वळला. 'ताई, तुम्हाला कऱ्हा टाकू का नीरा?'

मुलीने क्षणभर विचार केला. 'स्वस्त कुठली पडंल?'